आधी घर झोपू द्या

पालक सभा संपली की एक-दोन आया वर्गात मागे रेंगाळतात. मुलाच्या गुणांविषयी बोलून झालेले असते, पण मनातले बोलायचे राहिलेले असते. "मॅडम, हा पहिल्या तासाला पेंगतो हे खरे आहे. पण काय करू? धाकटी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. ती जागी म्हणून हा जागा, आणि दोघे जागे म्हणून मीही जागी." कडेवरचे बाळ त्या वेळी मजेत आमच्या टेबलावरचा खडू ओढत असते.

अशा आयांना द्यायचे आमचे एक ठरलेले उत्तर होते. "लहान आहे, चालायचेच. मोठी झाली की झोपेल." गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला, तेव्हा हे उत्तर किती निरुपयोगी आहे ते कळले.

आमचे घर भरलेले. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही दोघे, आमची दोन मुले, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची आठ महिन्यांची छोटी. दिरांचे दुकान आहे. शटर ओढून घरी यायला त्यांना रात्रीचे दहा वाजतात. दस्तरखान साडेदहाला पसरायचा. तोपर्यंत हॉलमध्ये टीव्ही चालू, वर दोन ट्यूबलाइट, एका कोपऱ्यात आम्ही पेपर तपासत बसलेलो आणि दुसऱ्या कोपऱ्यात आमची मुले भांडत असलेली. छोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास दमून झोपी जायची आणि आठला ताजीतवानी होऊन उठायची. दहाला अब्बांची मोटारसायकल वाजली की टाळ्या पिटायची. दिवसभर लेकीला न पाहिलेला बाप तिला उचलून वर उडवायचा, गुदगुल्या करायचा. कोणालाच त्यात काही वावगे वाटत नव्हते.

साडेअकराला आम्ही सगळे आपापल्या खोलीत जायचो आणि छोटी एकट्या तिच्या आईच्या वाट्याला यायची. मग खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, झोळीचे हेलकावे, मोबाइलवरची गाणी. एक वाजता डोळा लागायचा आणि नंतर पहाटेपर्यंत पाच-सहा वेळा उघडायचा. फज्रला आम्ही उठलो की जाऊ भिंतीला टेकून बसलेली दिसायची, मांडीवर छोटी.

एका सकाळी गॅसवर दूध ठेवून ती उभ्या-उभ्याच पेंगली. दूध उतू गेले, शेगडी विझली, गॅसचा वास घरभर पसरला. छोटी तिच्या कडेवरच होती. आम्ही धावत जाऊन शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, जावेला बाहेर आणून बसवले. ती हळू आवाजात म्हणाली, "भाभी, मला छोटीचा राग येतो. रात्री कधी कधी वाटते, हिला खाली ठेवून कुठेतरी निघून जावे."

त्या रात्री आम्ही जे केले ते लिहायला लाज वाटते. पण लिहिले नाही तर या लेखाचा उपयोग नाही. कपाटात आमच्या मुलाच्या सर्दीचे उरलेले औषध होते. ते दिले की मूल गुंगून झोपते, हे आम्हाला ठाऊक होते. बाटली आणि चमचा घेऊन आम्ही जावेच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "अर्धा चमचा दे. आज तरी तुझी झोप होईल." आम्ही बीएड झालेल्या, शाळेत शिकवणाऱ्या. जाऊ बारावी शिकलेली. तिने बाटली दिव्याजवळ नेली, बारीक अक्षरे वाचली आणि बाटली परत आमच्या हातात ठेवली. "भाभी, यावर लिहिले आहे, चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये."

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी हा इशारा छापण्याचा आदेश दिला होता. क्लोरफेनिरामाइन मॅलिएट आणि फिनाइलएफ्रिन या दोन औषधांचे मिश्रण सर्दीच्या पुष्कळ बाटल्यांत असते. त्यातल्या पहिल्या औषधाने गुंगी येते. गुंगीला झोप समजून आम्ही आठ महिन्यांच्या जिवाला ते पाजायला निघालो होतो. ही चूक जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बाया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफू असलेली बाळगोळी देत. त्या बायांजवळ मूल सांभाळायला कोणी नव्हते. आमच्या घरात छोटीच्या आईखेरीज सहा माणसे होती.

दुसऱ्या दिवशी छोटीला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी वजन पाहिले, कान-घसा तपासला, झोपेत घोरते का, श्वास अडतो का, हे विचारले. सगळे ठीक होते. मग त्यांनी विचारले, "तुमचे घर किती वाजता झोपते?" आम्ही म्हणालो, "बारा वाजतातच." त्या म्हणाल्या, "मग ही आठला कशी झोपेल? हिला औषध नको. घराला वेळ लावून घ्या."

त्या दिवशी त्यांनी सांगितले ते, आणि नंतर आम्ही वाचले ते, थोडक्यात असे.

जन्मलेल्या बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्याच्या शरीरातले घड्याळ चालू लागते. हे घड्याळ उजेड-अंधारावर आणि घरातल्या रोजच्या घडामोडींवर लागते. बाळाच्या झोपेचे एक आवर्तन पाऊण ते एका तासाचे असते. दोन आवर्तनांच्या मधे ते चाळवते, डोळे उघडते. आपणही चाळवतो, पण कूस बदलून पुन्हा झोपतो. खांद्यावर झोपलेले बाळ जागे होते तेव्हा खांदा नसतो, हेलकावा नसतो. आपण खाटेवर झोपलो आणि डोळे उघडले तेव्हा ओट्यावर असलो, तर आपणही घाबरून हाका मारू. बाळ रडते ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट अशी, की फार दमलेले बाळ लवकर झोपत नाही. झोपेची वेळ टळली की ते चिडते, अंग ताठ करते आणि आपल्याला वाटते, याला झोपच आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. एक वर्षाखालच्या बाळाला मोबाइल किंवा टीव्ही अजिबात दाखवू नये, असेही त्यात आहे. छोटीच्या झोपेची आम्ही चार दिवस वहीत नोंद केली. बेरीज दहा तासांच्याही खाली आली.

मग दस्तरखानावर सगळ्यांना बसवले आणि जावेची सकाळची अवस्था सांगितली. राग येतो हे तिने आम्हाला विश्वासाने सांगितले होते, ते सांगितले नाही. गॅसचे मात्र सांगितले. दीर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कोणी सांगितले का नाही?" त्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

आम्ही ठरवले ते असे. दुपारची शेवटची झोप साडेचारला संपवायची, तेव्हा छोटीला हलकेच उठवायचे. सव्वासातला तिचे खिमट. साडेसातला हॉलमधला टीव्ही बंद आणि एक ट्यूबलाइट बंद. पावणेआठला कोमट पाण्याने अंग पुसणे, हातापायांना थोडे तेल, सुती कपडे. आठला खोलीत मंद दिवा आणि अंगावरचे दूध. दूध पिता पिता झोपू द्यायचे नाही, पिऊन झाल्यावर ओल्या फडक्याने हिरड्या पुसायच्या. मग अम्मींची लोरी आणि दुआ. साडेआठच्या आत, डोळे जड झाले पण अजून मिटलेले नाहीत अशा वेळी, तिला तिच्या गादीवर ठेवायचे आणि शेजारी बसायचे. रोज हेच, याच क्रमाने.

वेळ घड्याळाची धरली, अजानची नाही, यालाही कारण आहे. मुंबई-पुण्याकडे मगरिबची अजान नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास होते आणि जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे जाते. "मगरिबनंतर" म्हटले की बाळाची वेळ वर्षभरात सव्वा तासाने सरकते.

क्रमाला इतके महत्त्व का? बाळाला घड्याळ वाचता येत नाही, पण क्रम पाठ होतो. पाण्यानंतर तेल, तेलानंतर दूध, दुधानंतर लोरी. पहिली गोष्ट घडली की पुढे काय येणार हे त्याला कळते आणि अंग सैल पडू लागते. वर्गात आम्ही हेच रोज पाहतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०५ आया आणि त्यांची लहान मुले होती. अंघोळ, मालिश आणि शांत वेळ एवढाच रोजचा क्रम दोन आठवडे पाळल्यावर मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. त्यात औषध नव्हते, महागडी वस्तू नव्हती.

आता आमच्या अडचणी सांगतो, कारण त्या तुमच्याही घरी येतील.

पहिली रात्र वाईट गेली. छोटी चाळीस मिनिटे रडली. तिला एकटीला सोडले नव्हते, जाऊ शेजारी बसून छातीवर हात ठेवून होती, मधे दोनदा उचलूनही घेतले. अम्मी दाराशी येऊन म्हणाल्या, "आम्ही सहा मुले वाढवली, घड्याळ लावून एकही झोपवले नाही." आम्ही म्हणालो, "अम्मी, तुमच्या वेळी घर नऊला अंधारात असायचे. घड्याळ लावायची गरजच नव्हती." त्यांनी थोडा विचार केला आणि आत येऊन लोरी पुन्हा सुरू केली.

सर्वांत मोठा त्याग दिरांचा होता. दहाला घरी येऊन लेकीला न उठवणे, दारातून पाहून परत फिरणे त्यांना जड गेले. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी तिला उचललेच आणि दोन्ही रात्री एक वाजला. मग त्यांनीच मार्ग काढला. फज्रच्या नमाजहून आल्यावर सकाळचा दीड तास छोटी त्यांची. तिला घेऊन ते गच्चीवर जातात. सकाळचा उजेड बाळाच्या घड्याळाला चांगला आणि तेवढा वेळ जाऊ निवांत झोपते. दिरांनी आणखी एक काम घेतले. रात्रीचे पहिले उठणे त्यांचे. दूध लागणार असेल तरच आईला उठवायचे.

आमचाही वाटा सोपा नव्हता. पेपर तपासायला आतल्या खोलीत गेलो. मुलांना हळू बोलायला शिकवायचे तर आधी आम्हाला हळू बोलावे लागले. फोन हॉलमध्ये न घेण्याची सवय तर अजून पुरती लागलेली नाही.

अम्मी रोज मगरिबला घरभर लोबान फिरवतात. बाळाच्या खोलीत धूर नको, त्याने छातीला त्रास होतो, असे डॉक्टर बाईंनी बजावले होते. आता लोबान दारापर्यंतच येते. मालिशनंतरची धुरीही बंद केली. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढली. एक वर्षापर्यंत बाळाला उशी, जाड गोधडी, गादीवर खेळणी काही नको. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे, तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. अमेरिकेत १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याने खाली आली. झोळीत शांत करायला हरकत नाही, पण रात्रभर झोळीत ठेवू नये. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. थकलेल्या आईने बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लावणे तर सर्वांत धोक्याचे. आणि झोपावे म्हणून मधाचे बोट चाटवणे एक वर्षापर्यंत अजिबात नको.

दहाव्या दिवशी एका नातेवाइकांच्या मंगनीला गेलो, रात्री बारा वाजले आणि पुढचे दोन दिवस पुन्हा रडारड झाली. पण या वेळी क्रम परत धरल्यावर तिसऱ्या दिवशी छोटी सावरली. रमजानमध्येही हेच केले. तरावीह, सहरी यांनी मोठ्यांच्या वेळा बदलल्या, छोटीच्या बदलू दिल्या नाहीत. इफ्तार झाली की घरातली एक बाई तिच्याजवळ, बाकीच्या दस्तरखान आवरायला. या कामाच्या पाळ्या भिंतीवर लिहून लावल्या.

तीन आठवड्यांनी काय झाले? छोटी रात्रभर झोपू लागली, असे आम्ही लिहिणार नाही. ती पावणेनऊपर्यंत झोपू लागली आणि पाच-सहाऐवजी दोनदा उठू लागली. दात आले तेव्हा आठवडाभर पुन्हा बिघडले. पण जाऊ सलग चार तास झोपू लागली. एका दुपारी ती छोटीला पायांवर झुलवत मोठ्याने हसताना ऐकू आली. ते हसणे घरात कित्येक महिने ऐकले नव्हते, हे आम्हाला तेव्हा उमगले.

काही गोष्टी जपून कराव्यात. तीन-चार महिन्यांखालच्या बाळाला वेळापत्रकात बसवू नका. दिवसा उजेड आणि रात्री अंधार एवढेच पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रात्री दूध लागतेच, ते तोडू नका. बाळ घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल, वजन वाढत नसेल, ताप असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. आणि आई सतत रडत असेल, बाळाचा राग येतो म्हणत असेल, निघून जावेसे वाटते म्हणत असेल, तर तिला "सगळ्याच आया जागतात" असे सांगून गप्प करू नका. बाळंतपणानंतर मन आजारी पडू शकते आणि ते औषधोपचाराने बरे होते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. आमच्या जावेला झोप मिळाल्यावर बरे वाटले. तरीही आम्ही तिला एकदा डॉक्टरांना दाखवून आणले.

शेवटी लोरीविषयी. अम्मींना एकच लोरी येते, तीही अर्धी. पुढचे शब्द त्या दर वेळी नवे जुळवतात. कधी त्यात शेजारची मांजर येते, कधी दिरांचे दुकान. उर्दू शिकवताना आम्ही वाचले होते की सतराव्या शतकात विजापूरकडच्या सूफींनी दख्खनी बोलीत बायकांसाठी चक्कीनामे, चरखानामे आणि लोरीनामेही रचले. जात्यावर, चरख्यावर, पाळण्याजवळ म्हणायची ती गाणी. मोबाइलवर हजार लोऱ्या आहेत, पण अम्मींच्या आवाजाशिवाय छोटीचे डोळे मिटत नाहीत. अम्मी हल्ली आठ वाजले की स्वतःच तस्बीह बाजूला ठेवून म्हणतात, "चला, माझ्या कामाची वेळ झाली."

आमची दोन्ही मुलेही आता साडेनऊला झोपतात. त्यांना कोणी सांगितले नाही, घर शांत झाले की त्यांनाही जांभया येतात.

परवाच्या पालक सभेनंतर पुन्हा एक आई मागे थांबली. प्रश्न तोच होता. आम्ही तिला विचारले, "तुमचे घर किती वाजता झोपते?" ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही ह्यांना आणि सासूबाईंना विचारा." पुढच्या सभेला आम्ही त्या तिघांनाही बोलावले आहे.